धाक, कौतुक आणि सतरा वर्षांचा राग

गैरसमज : घरात धाक उरला नाही, म्हणून अकरावी-बारावीची मुलं हातघाईवर येतात.

वस्तुस्थिती : धाकाबरोबर माया किती, हे आधी पाहावं लागतं. ऑस्ट्रेलियात गॉर्डन पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये २५ विधानांची एक प्रश्नावली मांडली. सोळाव्या वर्षापर्यंत आई कशी वागली, वडील कसे वागले, हे ती वेगवेगळं विचारते. जिव्हाळ्याचे गुण निराळे, मुठीत ठेवण्याचे निराळे. जिव्हाळा कमी आणि ताबा जास्त, असं घर सगळ्यांत जोखमीचं. पार्कर यांचा रोख नैराश्याकडे होता, पण पुढे आक्रमकतेच्या अभ्यासातही हीच प्रश्नावली वापरली गेली. माराचं म्हणाल, तर २०१६ मध्ये ७५ अभ्यास आणि सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. फटके खाणारी मुलं जास्त आक्रमक आढळली. वांड मुलालाच मार जास्त पडतो, हेही खरं. पण माराने ते सुधारतं असं काही दिसलं नाही.

गैरसमज : भांडखोर मुलाला न्यूनगंड असतो, भरपूर कौतुक करा, निवळेल.

वस्तुस्थिती : इथे तज्ज्ञांचंच जुंपलं होतं. रॉय बाउमायस्टर यांनी १९९६ मध्ये मांडलं, की हिंसेमागे न्यूनगंड नसून दुखावलेला अहंकार असतो. २००५ मध्ये ब्रेंट डोनेलन आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या मुलांच्या दीर्घ पाहणीसह इतर माहिती तपासली, तेव्हा कमी आत्मसन्मानाचाही आक्रमकतेशी संबंध निघाला, अहंकार वेगळा काढूनसुद्धा. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत. ‘मी ठीक आहे’ आणि ‘मी इतरांहून वरचढ आहे’ या दोन भावना एक नव्हेत. नेदरलँड्समधला २०१५चा अभ्यास तर पालकांनी मुद्दाम वाचावा असा. ‘आमच्या बाळासारखं कुणी नाही’ म्हणणाऱ्या घरांत आत्मप्रेम वाढलं. आत्मसन्मान वाढला तो साध्या मायेने. (पेढे वाटायला हरकत नाही, शेजारच्या मुलाचे टक्के तेवढे काढू नका.)

गैरसमज : मुलावर आमचं बारीक लक्ष असतं, तो हाताबाहेर जाणार नाही.

वस्तुस्थिती : स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या मुलांच्या घरी विचारपूस केली. आईवडिलांना जे ठाऊक होतं, ते बहुतांशी मुलांनी आपणहून सांगितलेलं होतं. पाळत ठेवून फारसं कळलं नव्हतं. तेव्हा मोबाइल तपासण्याआधी एवढं बघा : मारामारी करून आलेला मुलगा ती गोष्ट घरात कुणाला सांगू शकतो का?