पिशवीवर नाव नसलेलं वाण

जालन्यात झुपकेदार शेपटीचा, टोकदार तोंडाचा, पांढरा छोटा कुत्रा दिसला की लोक त्याला पॉम म्हणून मोकळे होतात. तोंड जरा चपटं असलं तर तो पगचा क्रॉस, केस डोळ्यांवर आले असले तर ल्हासा नाहीतर शित्झूचा क्रॉस, आणि कशातच बसत नसला तर नुसताच क्रॉस. खरा पॉमेरियन दोन-तीन किलोचा असतो. आपल्याकडे पॉम म्हणून सांभाळलेले बहुतेक कुत्रे त्याच्या दुपटीहून जड असतात. ते इंडियन स्पिट्झ किंवा त्याच्या संकरातून आलेले. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने हा कुत्रा घराघरांत नेला, 2003च्या हचच्या जाहिरातीने पग नेला. या नावांबरोबर स्वभावाचा दाखलाही फुकट मिळतो: पॉम चिडका, पग आळशी, ल्हासा हट्टी. मग घरात पिल्लू आलं की त्याच्याकडे बघायच्या आधीच ते कळलेलं असतं. माझा आक्षेप या घाईला आहे. छोट्या संकरित कुत्र्याच्या नावावरून त्याच्या शरीराचा थोडाफार अंदाज बांधता येतो, स्वभावाचा फारसा नाही. स्वभाव रोजच्या बघण्यातूनच कळतो, आणि तसं बघणं शिकता येतं.

ही गोष्ट जालन्याच्या माणसाला पटायला जड जाऊ नये. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, पुढे 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि हे शहर बियाण्यांचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. संकरित वाणाची पिशवी फोडून पेरली की पीक एकसारखं येतं, कारण त्यामागे दोन शुद्ध, पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या ओळी असतात. तेच दाणे घरी राखून पुढच्या वर्षी पेरले तर शेतात उंच-बुटकं, लवकर येणारं, उशिरा येणारं असं सगळंच उगवतं. इथला शेतकरी हे जाणतो, म्हणून तर दरवर्षी नवी पिशवी घेतो. गल्लीतला क्रॉस हा या घरी राखलेल्या बियाण्यासारखा आहे. त्याची आई आधीच संकराची, बाप बहुधा कुणी पाहिलेला नाही, आणि एकाच वेतातली चार भावंडं चार तऱ्हांची निघतात. कपाशीच्या बाबतीत जो हिशेब आपण पक्का करतो तो कुत्र्याच्या बाबतीत का विसरतो, हे मला कोडंच आहे.

पुरावाही याच बाजूने आहे. 2009 साली व्हिक्टोरिया व्हॉइथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आश्रयगृहांतून दत्तक गेलेले 20 संकरित कुत्रे घेतले आणि कर्मचाऱ्यांनी नजरेने सांगितलेल्या जाती डीएनए चाचणीशी ताडून पाहिल्या. बहुतेक अंदाज जुळले नाहीत, आणि अंदाज करणारे रोज कुत्र्यांतच वावरणारे होते. यामागचं कारण जनुकांत आहे. छोट्या चणीमागे एका जनुकाचा मोठा हात असतो, हे 2007 साली दिसलं. केस आखूड की लांब, सरळ की कुरळे, दाढी-मिशा आहेत की नाहीत, यातली बरीचशी विविधता अवघी तीन जनुकं घडवतात, हे 2009 साली. म्हणजे रूप बदलायला मोजकी जनुकं पुरतात, आणि दिसायला पॉम असलेला कुत्रा आतून भलताच काही असू शकतो. स्वभावामागे मात्र असंख्य जनुकांची गुंतागुंत असते, शिवाय वाढ कशी झाली तेही असतं. 2022 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात 18 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय आराखडे तपासले गेले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम 9 टक्के भाग जातीने उलगडतो, असं त्यातून निघालं.

यावर कुणी म्हणेल, मग जात विचारूच नये की काय? जरूर विचारावी, पण शरीरासाठी. नऊ टक्के म्हणजे शून्य नव्हे, हेही खरं. तरी जातीचा खरा उपयोग मे महिन्यात होतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांपुरता. अंग थंड ठेवायला त्याला धापा टाकाव्या लागतात, आणि पगच्या चपट्या नाकातून ते काम नीट होत नाही. जालन्याचा पारा चाळिशीपार गेलेला असताना, पत्र्याच्या खोलीत भर दुपारी बांधलेला चपट्या तोंडाचा क्रॉस काही मिनिटांत उष्माघाताने कोसळू शकतो. स्पिट्झच्या दुहेरी केसांमुळे वेगळीच गंमत होते. उन्हाळा आला म्हणून लोक त्याला वस्तऱ्याने सफाचट करतात आणि कातडीवरची सावलीच काढून घेतात. विंचरून आतले सुटलेले केस काढले तर पुरे. त्या दाट केसांत गोचीड लपतात आणि गोचिडांतून ताप येतो, म्हणून कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवावा. हिरड्या फिकट दिसल्या तर दवाखाना गाठावा.

स्वभावासाठी विचारायचा पहिला प्रश्न वेगळा आहे: पिल्लू आईपासून कितव्या आठवड्यात तोडलं? स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लं वाढवून 1965 साली जे पुस्तक लिहिलं त्यातून तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचं महत्त्व सगळ्यांना कळलं. माणूस, आवाज, अनोळखी वस्तू यांच्याशी ओळख करून घेण्याचा हा काळ. दात किती जोरात लावायचे हेही पिल्लू भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. भारतात 2017च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरीही महिन्याभराचं, डोळे नुकते उघडल्यासारखं गोंडस पिल्लू पिशवीत घालून घरी आणलं जातं, आणि पुढे ते हाताला चावलं की दोष पॉमच्या रक्ताला.

आता प्रत्यक्ष बघणं. नवा कुत्रा पहिले काही दिवस कोपऱ्यात गप्प बसतो आणि घरचे खूश होतात, किती गुणी आहे म्हणून. तो बहुधा घाबरलेला असतो. खरा स्वभाव जेवण, झोप आणि शी-शूला जाण्याच्या वेळा बसल्यावर बाहेर येतो. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग एकदम ताठ होणं ही सगळी गुरगुरण्याच्या आधीची भाषा आहे. हात फिरवता फिरवता मध्येच थांबावं. त्याने पुन्हा डोकं पुढे केलं तर त्याला हवं आहे, उठून गेला तर नाही. शेपूट हलते म्हणजे खूश, हाही अर्धवट समज. 2007 साली इटलीतल्या संशोधकांना दिसलं, की मालकाला पाहून शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडग्या कुत्र्याला पाहून डावीकडे. घरबसल्या हा फरक टिपणं अवघडच, पण हलणारी शेपूट ताठ आहे की सैल एवढं कुणालाही दिसतं. आणि चप्पल फाडल्यावर तो कान पाडून ‘अपराधी’ तोंड करतो ना? अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली दाखवलं, की ते तोंड गुन्ह्याचं नसून आपल्या रागावलेल्या चेहऱ्याला दिलेलं उत्तर असतं. ज्याने काहीच केलं नव्हतं, त्यानेही रागावल्यावर तेच तोंड केलं.

‘एवढासा तर आहे, चावून चावून किती चावेल’ हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तोच सगळ्यात महाग पडतो. 2010 साली व्हिएन्नाच्या अभ्यासात छोटे कुत्रे मोठ्यांपेक्षा कमी ऐकणारे, जास्त भित्रे आणि जास्त आक्रमक निघाले. त्याच अभ्यासात त्यांचे मालकही कमी शिकवणारे आणि आज एक तर उद्या दुसरंच वागणारे आढळले. मोठा कुत्रा अंगावर उडी मारतो तेव्हा लगेच आवरतात, छोटा मारतो तेव्हा हसतात. तो गुरगुरला की उचलून कडेवर घेतात. म्हणजे त्याचं ‘नको’ ऐकून घेणारं कुणीच नाही, आणि मग त्याच्यापाशी दात तेवढे उरतात. रांगणाऱ्या मुलाचं तोंड नेमकं त्याच्या उंचीवर असतं. रेबीजची लस दिलेली असो वा नसो, चावल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम 15 मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचं, यात चणीचा प्रश्नच येत नाही.

राहिला वेळेचा मुद्दा. गावात कामाच्या रगाड्यात कुत्र्याचं मन कोण वाचत बसणार, असं विचारणाऱ्याने धनगराचा वाडा पाहावा. तिथे कोणत्या कुत्र्याची जात काय हे कुणी सांगणार नाही, पण कोणता रात्री पुढे राहतो, कोणता नुसताच ओरडतो आणि कोणाजवळ कोकरू निर्धास्त सोडावं हे पोरांनाही पाठ असतं. मेंढरांमागे दिवसभर चालणाऱ्यांना त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. घरातल्या छोट्या कुत्र्याचं उलट होतं. तो चोवीस तास पायात असतो आणि त्याचे लाड प्रत्येकजण आपापल्या मनाने करतो. संत नामदेव कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा आपण कौतुकाने सांगतो, पण पाच किलोच्या कुत्र्याला रोज तूप घातलं तर स्वादुपिंडाला सूज येऊन तो मरणाच्या दारात जाऊ शकतो. कडवंचीसारख्या गावात घरोघरी द्राक्षं असतात, आणि द्राक्षं-मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारखे. वजन कमी असल्याने थोडक्यानेही घात होतो. आजीने काय दिलं, नातवाने काय टाकलं, सकाळी ताटलीत किती उरलं, हे घरातल्या एकाने तरी लक्षात ठेवावं. कुत्रा जेवणाकडे पाठ फिरवतो त्या दिवशी डॉक्टर आधी तेच विचारतात.