आपले घर भूकंपात टिकेल का? अर्ध्या तासाची पाहणी



बैल विकत घेताना आपण त्याचे दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. पेरणीआधी मूठभर बियाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासतो. पण ज्या भिंतीच्या कुशीत रोज रात्री पोरेबाळे झोपतात, तिला आपण शेवटचा ओळंबा कधी लावला? बहुतेक घरांत बांधताना लावला तेवढाच. ही पत्रिका त्यासाठी आहे. घरातली दोन माणसे, हाताशी थोडी अवजारे आणि अर्धा तास, एवढ्यावर कोणते घर धोक्याचे आहे आणि त्यातली कोणती खोली जास्त धोक्याची, हे बऱ्यापैकी कळते.

आपल्या भागाला हे सांगायला लांबचा दाखला नको. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि भोवतालची गावे, शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर आणि त्या बाजूची गावे जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाचे माप ६.२ च्या आसपास होते. एवढ्या मापाचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात, पण इतकी माणसे क्वचितच जातात. आपल्याकडे गेली, कारण धक्का जमिनीखाली थोड्याच खोलीवर होता, वेळ गाढ झोपेची होती, आणि डोक्यावर माळवदाची माती व दोन्ही अंगांना चिखलात रचलेल्या दगडी भिंती होत्या. त्याच गावांत कुडाच्या झोपड्यांतली माणसे मोठ्या संख्येने वाचली. ज्याला गाव गरीब म्हणत होते त्याचे छप्पर हलके होते.

त्याआधी भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा बदलला, पहिला पट्टाच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. नकाशा बदलला तरी जुनी घरे तशीच उभी राहिली. नांदेडकरांनाही हा विषय परका नाही. २००६ नंतर काही वर्षे नांदेड शहरात बारीक धक्के आणि जमिनीखालचे आवाज जाणवत होते. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी भागात ४.५ मापाचा आणि पाठोपाठ ३.६ मापाचा धक्का झाला. नांदेड, परभणीपर्यंत माणसे घराबाहेर आली. १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५ चा झाला. बारीक धक्के बसले म्हणजे मोठा येणारच, असे नाही. पण येणारच नाही, असेही कोणी सांगू शकत नाही. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले होते, ते थांबले, आणि लोक पुन्हा त्याच भिंतींच्या आत झोपू लागले.

पाहणीला काय लागते?

ओळंबा, वीसेक फूट सुतळी, मोजपट्टी, बॅटरी, टोकदार खुरपे आणि पेन्सिल. घरातल्या बायामाणसांना बरोबर घ्याच. पावसात कोणत्या कोपऱ्यात गळते, कोणते दार हल्ली अडकू लागले, हे त्यांना ठाऊक असते आणि पाहणीची सुरुवात तिथूनच करायची असते.

आधी वर चढा

माळवद मातीचे असेल तर त्यावर किती माती आहे ते मोजा. उजेडासाठी ठेवलेल्या भोकाशी किंवा कडेला पन्हाळीजवळ पट्टी लावली की कळते. आपल्याकडची रीत अशी की मृगाआधी माळवदावर पांढरी माती पसरायची. गळती थांबते हे खरे. पण जुनी माती कोणी काढत नाही, नवी पडत राहते. आजोबांच्या वेळी एक वीत असलेला थर नातवाच्या वेळी हातभर होतो.

हिशेब करून बघा. दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशी एक खोली घेऊ. वर दीड फूट माती. एकूण १८० घनफूट, म्हणजे पावणेदोन ब्रासच्या वर. कोरडी धरली तरी तिचे वजन आठ टनांच्या आसपास भरते. क्विंटलाच्या ऐंशी पोत्यांची थप्पी घोंगडीवर झोपलेल्या लेकरांच्या डोक्यावर रचून ठेवल्यासारखे झाले. पावसात ते आणखी वाढते. भूकंप घराला आडवे हलवतो, आणि वरचे वजन जितके जास्त तितका हिसका जास्त. हीच माती आठ इंचांवर आणली तर वजन साडेतीन टनांच्या जवळ येते. गळतीची भीती असेल तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरून वर आठ इंच माती टाकावी. माती उतरवताना सगळीकडून सारखी उतरवावी. एका अंगाची आधी काढली तर तुळया दुसरीकडे लवतात.

माळ्यावर सोयाबीनची, ज्वारीची पोती रचली असतील तर तीही या हिशेबात धरा.

मग भिंत

आपल्या जुन्या दगडी भिंती दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही जाड असतात. जाड म्हणजे भक्कम, असे आपण समजतो. खरी गोष्ट वेगळी आहे. ही एक भिंत नसते. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मधे गोटे, कपच्या व माती भरलेली असते. दोन थरांना बांधणारा आरपार दगड नसला की हलताना मधला भराव खाली बसतो आणि दोन्ही थरांना पाचर मारल्यासारखा बाहेर ढकलतो. भिंत पोट फुगून फाटते. किल्लारीच्या भागात असंख्य भिंती अशाच फुटल्या. ढिगारा आतही पडला आणि बोळातही, म्हणून बाहेर पळणाऱ्यांनाही वाट राहिली नाही.

आरपार दगड आहे की नाही ते बाहेरून लगेच दिसत नाही. दारा-खिडकीच्या बाजूला भिंतीची जाडी उघडी असते तिथे बघा. गावात त्याच वेळची, त्याच गवंड्याच्या हातची एखादी भिंत पडलेली असेल तर तिचे पोट बघा. आपलीही तशीच असणार. नियमाने दर दोन फूट उंचीला, आडवे चार फुटांच्या आत एक तरी आरपार दगड हवा, आणि नवी दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. बांधणी चिखलातली आहे का, हे सांध्यात खुरप्याचे टोक घातले की कळते. बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर फसू नका. गिलावा हे अंगावरचे कापड आहे, आतली हाडे त्याने बदलत नाहीत.

आता ओळंबा लावा. भिंत झुकली आहे का? सुतळी आडवी ताणून धरा. मधे भिंत सुतळीला टेकते आणि दोन्ही बाजूंना फट राहते, तर भिंतीला पोट सुटले आहे. तळहाताने थापटून बघा. एखाद्या जागी पोकळ आवाज आला तर तिथला थर सुटलेला असू शकतो. पोट सुटलेल्या भिंतीजवळ खाट नको, बाज नको, पाळणा तर नकोच.

भेगांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण लोक नको त्या भेगेला घाबरतात आणि हव्या त्या भेगेकडे दुर्लक्ष करतात. गिलाव्यातली केसासारखी जाळी फारशी महत्त्वाची नाही. काळ्या जमिनीवरच्या घराला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात. तो जमिनीचा खेळ आहे. त्यानेही घर कमजोर होते, पण त्याचा भूकंपाशी संबंध नाही. घाबरायची भेग कोपऱ्यातली. दोन भिंती जिथे मिळतात तिथे वरून खाली आलेली, वर रुंद आणि खाली बारीक होत गेलेली उभी भेग असेल, तर त्या दोन भिंती एकमेकींना धरून नाहीत. हिसका बसला की प्रत्येक भिंत आपापली पडणार. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेगही लक्षात ठेवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि भेगेवर प्लॅस्टरचा रुपयाएवढा ठिपका द्या. ठिपका तडकला तर भेग अजून चालू आहे.

सोळा-सतरा फुटांपेक्षा लांब भिंत मधे आडव्या भिंतीचा आधार नसताना उभी असेल, दार कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत असेल, किंवा एकाच भिंतीत कोनाडे, बळद आणि कपाट कोरलेले असेल, तर ती भिंत कमजोर समजावी.

लाकूड काय म्हणते?

खणाच्या घरात एक प्रश्न सर्वांत मोलाचा: माळवदाचा भार खांबांवर आहे की भिंतीवर? खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या असा सांगाडा नीट जुळलेला असेल तर भिंत बाहेर पडली तरी छत वर राहू शकते. १९९३ मध्ये काही घरांत असे घडलेले दिसले. तुळयांची टोके नुसती भिंतीत खुपसलेली असतील तर भिंतीबरोबर छतही येते. खांबाच्या बुडाशी, जिथे ओल चढते तिथे, खुरप्याचे टोक दाबा. सहज आत गेले तर वाळवीने आपले काम केले आहे. भिंतीत गाडलेले खांब आधी कुजतात आणि दिसत मात्र नाहीत, म्हणून तिथे जास्त बारकाईने पाहावे.

विटा, सिमेंट, पत्रे

स्लॅब पडला म्हणजे चिंता मिटली, असे नाही. विटांच्या घरात जोत्याशी आणि दाराच्या वर चारही भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा पट्टा आहे का, ते विचारा. नुसते दारावरचे तुकडे म्हणजे पट्टा नव्हे. लातूर-नांदेडच्या पेठांत आणि तालुक्याच्या गावी खाली दुकानगाळे किंवा गाड्यांसाठी मोकळी जागा, वर भरलेल्या भिंतींचे मजले, अशा इमारती पुष्कळ आहेत. खालचा मजला पायात बळ नसलेल्या माणसासारखा होतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरांहून लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती खालून बसल्या. शिकायला शहरात ठेवलेली मुले कोणत्या इमारतीत राहतात, तेही एकदा बघून यावे.

पत्र्याचे घर हलके, म्हणून सुरक्षित. पण वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवले असतील तर ते आजच उतरवा. मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनाने हेच आवाहन केले होते. पत्रे आकड्याच्या बोल्टने आवळावेत.

आता निकाल

घराला गुण देत बसण्यापेक्षा खोल्यांच्या तीन वाटण्या करा. पोट सुटलेली किंवा कोपऱ्यातून सुटलेली भिंत आणि वर जड माती, हे दोन्ही एकत्र असेल तर त्या खोलीत आजपासून झोपणे बंद. तिथे वैरण ठेवा, गुरे मात्र बांधू नका. चिखलातली भिंत आहे, पण सरळ आहे आणि सांगाडा चांगला आहे, अशा खोलीची दुरुस्ती या उन्हाळ्यात करा. बाकीच्यांवर वर्षातून एकदा नजर टाका. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ही पाहणी वाईट घर ओळखते, चांगल्या घराचा दाखला देत नाही. शंका असेल तिथे तालुक्याच्या बांधकाम विभागातील अभियंत्याला दाखवावे. शाळा आणि अंगणवाडी यांची पाहणी तर ग्रामसभेत मागणी करून अभियंत्याकडूनच करून घ्यावी.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. पहिले काम माती कमी करण्याचे. त्याला पैसा लागत नाही, फक्त मजुरी. दुसरे, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपे टेकू ठोकून लोखंडी पट्टीने जखडणे. हे गावचा सुतार करू शकतो. तिसरे, भिंतीत काँक्रीटचे आरपार दगड घालणे. किल्लारीनंतर १९९४ पासून राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात घरांच्या मजबुतीकरणाचाही भाग होता, तेव्हापासून ही रीत आपल्याकडे माहीत आहे. भिंतीतला एक दगड बारीक सळईने हलवून अलगद काढायचा, आत वाट करत पलीकडचा दगडही काढायचा, त्या भोकात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवून एकास दोन, चार काँक्रीट भरायचे आणि दहा दिवस पाणी मारायचे. अशी भोके सुमारे तीन-तीन फुटांवर, वरच्या ओळीतली खालच्या ओळीच्या मधोमध येतील अशी घ्यावीत. घण-पहार चालवू नये, आणि एका वेळी एकच भोक उघडावे. पोट सुटलेल्या भागात हा उपाय नको. तो भाग छताला टेकू देऊन उतरवावा आणि नव्याने बांधावा.

ही कामे रब्बीची रास घरात आल्यावर आणि मृगाच्या आधी उरकावीत. पुढे कधी धक्का जाणवला तर आत शिरण्याआधी बाहेरून चारही कोपरे आणि पेन्सिलीच्या खुणा बघाव्यात. भेग खुणेपलीकडे गेली असेल तर भांडीकुंडी आणायलाही आत जाऊ नये. मागून आणखी धक्के येतात.