संगणकाची वीजपेटी : पारख व निवड

पोत्यावर लिहिलेले वजन आम्ही धान्याचे व्यापारी काट्यावर घातल्यावाचून मान्य करीत नाही. परंतु सुटे भाग जुळवून पेढीसाठी संगणक बांधून घेताना वीजपेटीची, म्हणजे बाजारात जिला एस.एम.पी.एस. म्हणतात तिची, पारख क्वचितच होते. घरची २३० व्होल्टची वीज १२, ५ व ३.३ व्होल्टची करून ती प्रत्येक भागास पुरविते. ती निकृष्ट निघाली, तर मदरबोर्ड व हार्डडिस्क यांजबरोबर कीर्द-खतावणीही नाहीशी होण्याचे भय असते.

प्रथम बेरीज करावी. प्रोसेसर ६५ वॅट, ग्राफिक्स कार्ड ११५ वॅट, इतर भाग सुमारे ७० वॅट, एकूण २५०. क्षणिक उसळी व पुढील वाढ ध्यानी घेता ५०० ते ५५० वॅटची पेटी पुरेशी होय. पेटीवरील मोठ्या आकड्यास भुलू नये. १२ व्होल्टवर किती वॅट मिळतात, ते चिठ्ठीवर वाचावे. २००४ साली सुरू झालेली ‘८० प्लस’ ही खूण विजेची बचत दर्शविते, सुरक्षिततेची हमी देत नाही. यास्तव अतिभार व शॉर्टसर्किट यांपासूनचे संरक्षण आणि वॉरंटीची वर्षे निराळी पडताळावीत.

हजार रुपयांच्या काटकसरीपायी वर्षाचा हिशेब पणास लावणे, हा व्यापार नव्हे.