शेतातला मॅसी आणि ब्रिटिश स्पोर्ट्स कार एकाच खानदानातले? जुन्या गाड्यांच्या छंदामागची ही गोष्ट वाचाच!

उसाचा सीझन सुरू झाला की बीड जिल्ह्यात माजलगाव, गेवराईकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर दिसतात. त्यात एखादा लाल मॅसी फर्ग्युसन हमखास असतो.

आता दुसरं चित्र डोळ्यांसमोर आणा. उघड्या टपाची, बुटकी, दोन सीटची इंग्लिश स्पोर्ट्स कार. जुन्या पिक्चरमध्ये हिरो चालवायचा तसली.

या दोघांचा काय संबंध? तर संबंध थेट इंजिनाचा आहे!

एक इंजिन, दोन धंदे

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात स्टँडर्ड मोटर कंपनी होती. १९४६ पासून तिथे हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा छोटा करड्या रंगाचा ट्रॅक्टर बनायला लागला. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले.

याच कंपनीची व्हॅनगार्ड नावाची कार होती. तिच्यात आणि ट्रॅक्टरमध्ये एकाच घराण्यातलं चार सिलिंडरचं दणकट इंजिन बसायचं.

ट्रायम्फ हा ब्रँडही स्टँडर्डच्याच मालकीचा होता. कमी पैशात स्पोर्ट्स कार बनवायची, तर नवीन इंजिन कशाला? त्यांनी हेच इंजिन घेतलं, त्याला दोन कार्बोरेटर लावले, ताकद ९० हॉर्सपॉवरपर्यंत नेली आणि १९५३ मध्ये ट्रायम्फ टीआर-२ बाजारात आणली. त्याच वर्षी बेल्जियममधल्या जाबेकच्या हायवेवर खास तयार केलेली टीआर-२ ताशी २०० किलोमीटर वेगाने पळाली.

फर्ग्युसनची कंपनी १९५३ मध्ये मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि पुढे ‘मॅसी फर्ग्युसन’ हे नाव आलं. १९६० मध्ये मद्रासला टाफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी भारतात बनायला लागला. आपल्याकडचा मॅसी डिझेलवर चालतो, त्याचं इंजिन वेगळं आहे. पण खानदान तेच.

लायनर बदला, इंजिन नवं

‘लायनर-पिस्टन बदलले, इंजिन बांधलं’ हे वाक्य ट्रॅक्टरवाल्यांना नवीन नाही. टीआर-२ च्या इंजिनाची खरी गंमत इथेच आहे.

पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो, ती नळी म्हणजे लायनर. या इंजिनात ती सुटी असते आणि तिच्या बाहेरून थेट कूलिंगचं पाणी खेळतं. नळी झिजली की अख्खा ब्लॉक लेथवर न्यायची गरज नाही. जुनी काढायची, नवी बसवायची.

ट्रॅक्टर शेतातच दुरुस्त झाला पाहिजे, हा हिशोब कामाच्या इंजिनाचा होता. तोच हिशोब ७० वर्षांनंतर स्पोर्ट्स कार जगवतोय.

काम सोपं वाटलं तरी काळजी लागते. लायनरखालचं गॅस्केट नीट बसलं नाही तर पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल दुधासारखं पांढरट होतं. तसंच लायनर ब्लॉकच्या वर इंचाचे काही हजारांश भाग उचललेला असावा लागतो. नाहीतर हेड गॅस्केट टिकत नाही.

मॉडिफिकेशन म्हणजे फक्त आवाज नाही

आपल्याकडे मॉडिफाय म्हटलं की बुलेटचा फटाके फोडणारा सायलेन्सर आठवतो. जुन्या गाड्यांच्या छंदात मॉडिफिकेशनचे दोन प्रकार असतात.

पहिला ताकदीसाठी. टीआर-२ चा बोअर ८३ मिलिमीटर आणि इंजिन १९९१ सीसीचं. ८६ मिलिमीटरचं लायनर-पिस्टन किट टाकलं की तेच इंजिन २१३८ सीसीचं होतं. कंपनीने स्वतः पुढच्या टीआर-४ मध्ये हेच केलं.

दुसरा गाडी आजच्या काळात चालावी म्हणून. यात आपला ऊस येतो! आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल उसापासूनही बनतं. शेतकऱ्यासाठी ते चांगलं, पण १९५० च्या दशकातले रबरी पाइप आणि कॉर्कची गॅस्केटं त्याने खराब होतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी गंजते. पाइप फुटून गरम इंजिनावर पेट्रोल गळलं, तर गाडी पेटू शकते.

म्हणून पहिला खर्च पेंटवर नाही, इथेनॉल सोसणाऱ्या पाइपांवर करायचा. नंतर मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी रेडिएटरची साफसफाई आणि जोडीला इलेक्ट्रिक फॅन.

जाणकारांचा एक साधा नियम आहे : जे बदलाल ते परत पूर्वीसारखं करता आलं पाहिजे. काढलेला जुना पार्ट भंगारात देऊ नका, डब्यात ठेवा.

आरटीओ काय म्हणतं?

हा नियम नुसत्या हौसेचा नाही, त्यामागे कायदाही आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची मूळ माहिती बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. नियम मोडला तर प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

२०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणी आहे. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, पण रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते.

अट एकच : गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही.

म्हणजे मोठ्या बोअरचं किट टाकून वेग वाढवला, तर विंटेजचा दर्जा हातचा जाऊ शकतो. पाइप आणि फॅनचं तसं नाही, ते गाडी जगवतात आणि तिचं मूळ रूपही राखतात. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी ठरवावं लागतं, गाडी पळवायची आहे की जपायची आहे?

बीडमध्ये टीआर-२ रोज दिसणार नाही. पण गोठ्यामागे आजोबांची जीप, बुलेट किंवा ट्रॅक्टर ताडपत्रीखाली उभा असेल, तर हिशोब तोच. आधी आरसी शोधा, मग पेट्रोलचे पाइप तपासा. आणि गावात हाताने इंजिन बांधणारा जुना मिस्त्री असेल, तर त्याच्याकडून काम शिकून घ्या. पार्ट कुरिअरने मागवता येतो, हातातली कला मागवता येत नाही.