जुन्या ॲम्बेसेडरचं पत्राकाम कोणाकडे द्यावं?

घरची जुनी ॲम्बेसेडर दुरुस्तीला नागपूरला न्यायची आहे? मग आधी हे ऐका. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते. ॲम्बेसेडरला ती नाही, तिचा पत्राच सगळा भार पेलतो. दाराखालचा पट्टा किंवा तळ गंजला, की कणाच पोखरला समजा. आणि त्याच गाडीत आपली लेकरं बसतात.

कारागीर निवडताना रंगाची चमक पाहू नका. लांबी भरून रंग मारला की भोकसुद्धा झाकतं. रंग न दिलेलं, चालू काम दाखवायला सांगा. गंजका पत्रा कापून नवा जोडतो, की वरून ठिगळ लावतो? कापण्याआधी खालून टेकू देतो का? नाहीतर सांगाडा वाकतो, मग दारं लागत नाहीत. वेल्डिंगआधी बॅटरी सोडून पेट्रोलची टाकी उतरवायला जो कुरकुरतो, तो कितीही स्वस्त असो, पुढचं गॅरेज गाठा.

ही गाडी 2014 पासून बनत नाही, म्हणून पत्रा हातानं घडवणारा कारागीर हवा. लांबी भरण्याआधी आम्ही काम पाहू, हे पैसे ठरवतानाच सांगा. चासी नंबर मात्र कापू-घासू देऊ नका. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणी वाढवताना आरटीओत तोच जुळवून पाहतात.