पेंडीच्या पोत्याआधी एक गुंठा चारा



गटाचं कर्ज काढून म्हैस घेतली, शेळ्या घेतल्या. दूध सुरू झालं, करडं झाली. तरी हप्त्याच्या दिवशी हातात काही उरत नाही, असं आपल्यातल्या किती जणी म्हणतात! हिशोबाची वही उघडून बघा. दुधाचे पैसे कुठे गेले? बहुतेक वेळा ते सरकी पेंडीच्या आणि पशुखाद्याच्या पोत्यात गेलेले असतात. दूध धंद्यात सगळ्यांत मोठा खर्च चाऱ्या-खाद्याचाच असतो. तो आवरला नाही तर म्हैस आपल्याला पोसत नाही, आपणच तिला पोसत राहतो.

आपल्या भागात तर चराईची जागाच आकसत चालली आहे. कामतघरहून राहनाळ, पूर्णा, काल्हेरच्या रस्त्याला लागा, दोन्ही बाजूंना गोदामं. जनावर मोकळं सोडायचं तरी कुठे? पावसाळ्याचे चार महिने हिरवं मिळतं. दिवाळीनंतर माळावरचं गवत पिवळं पडतं आणि दावणीला उरतो तो भाताचा पेंढा. पेंढ्याने पोट भरतं, पण त्यात प्रथिनं जेमतेम 3 ते 4 टक्के. मग दूध टिकवायला पेंड वाढवावी लागते. हे चक्र तोडायचं तर हिरवा चारा आपणच लावायला हवा.

गवताला हवी जोडीदारीण

मोबाईलवर परदेशातली हिरवीगार कुरणं तुम्ही पाहिली असतील. न्यूझीलंडसारख्या थंड देशात रायग्रास नावाचं गवत आणि पांढरा क्लोव्हर नावाची तीन पानांची वेल एकत्र वाढवतात. गवताने जनावराचं पोट भरतं. क्लोव्हर ही आपल्या वालासारखी शेंगवर्गातली. तिच्या मुळांवर गाठी असतात, त्यात राहणारे जिवाणू हवेतलं नत्र धरून ठेवतात. जुनी मुळं आणि गाठी कुजल्या की ते नत्र शेजारच्या गवताला मिळतं. म्हणजे खताची पिशवी कमी लागते आणि चाऱ्यात प्रथिनंही येतात.

पण हे बियाणं मागवायच्या भानगडीत पडू नका. दोन्हीला गारवा लागतो. आपल्याकडचा उन्हाळा त्यांना सोसत नाही. आपण बियाणं नाही, त्यामागची युक्ती घ्यायची. एक गवत आणि एक शेंगवर्गीय, अशी जोडी लावायची. ही युक्ती आपल्याला नवी नाहीच. भात निघाल्यावर ओलीवर वाल टाकतो, तेव्हा जमीन सुधारते हे आपल्या सासवा-आज्यांनाही ठाऊक होतं.

आपल्याकडची जोडी कोणती?

*पाण्याची थोडी सोय असेल तर:* संकरित नेपियर आणि चवळी. नेपियरमध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले जयवंत’ ही जात चांगली आहे. बांधावर शेवरी किंवा दशरथ घास लावा. दोन्ही शेंगवर्गीय आहेत आणि शेळ्या आवडीने खातात.

*पाणी नसेल, वरकस जमीन असेल तर:* पावसाच्या सुरुवातीला माळाच्या गवतात स्टायलोचं बी टाका. स्टायलो शेंगवर्गीय आहे, हलक्या जमिनीत येतं आणि एकदा रुजलं की काही वर्षं टिकतं. गुंठ्याला साधारण 100 ग्रॅम बी पुरतं. बियाचं कवच कठीण असतं. म्हणून उकळी येऊन थोडं निवलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून, मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पेरायचं. पहिल्या वर्षी तिथे जनावर सोडू नका, रोपं जगू द्या.

एक गुंठा कसा लावायचा?

1. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. पाणी साचणारी जागा नको. आपल्याकडच्या पावसात खोलगट जागेत नेपियरची मुळं कुजतात. सरी-वरंबा करा.
2. चांगलं कुजलेलं शेणखत किमान 100 किलो, म्हणजे सात-आठ घमेली, मातीत मिसळा.
3. जून-जुलैमध्ये दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या लावा. दोन ओळींत तीन फूट, दोन कांड्यांत दोन फूट अंतर. गुंठ्याला 180 ते 190 कांड्या लागतात.
4. मधल्या मोकळ्या पट्ट्यात चवळी पेरा. पाव किलो बी पुरे. पेरण्याआधी बियाला गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम जिवाणू खत चोळा आणि सावलीत सुकवा.
5. दोन महिन्यांनी चवळी फुलावर येते आणि नेपियरही पहिल्या कापणीला येतं. दोन्ही एकदमच कापा. नेपियर जमिनीपासून वीतभर ठेवून कापलं तर फुटवे जोमाने येतात. पुढे दर 40 ते 50 दिवसांनी कापणी.
6. प्रत्येक कापणीनंतर शेण-गोमूत्राचं पाणी द्या. पावसाळा सरल्यावर, एका कापणीनंतर ओळींत पुन्हा चवळी टाका.

जिवाणू काम करतात का, हे कसं ओळखायचं? महिन्याभराने चवळीचं एक रोप मुळासकट उपटा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर जिवाणू नीट काम करत नाहीत.

किती पुरेल?

खोटी आशा नको, म्हणून सरळ हिशोब. वर्षभर पाणी मिळालं तर नेपियरच्या एका गुंठ्यातून वर्षाला सुमारे दीड टन हिरवा चारा निघतो. म्हणजे रोज चारेक किलो, एका मोठ्या शेळीपुरता. म्हशीला रोज 20 ते 25 किलो हिरवं लागतं, म्हणजे पाच-सहा गुंठे हवेत. पण एका गुंठ्यापासून सुरुवात करा. पुढच्या वर्षी त्याच्याच कांड्या वापरून क्षेत्र वाढवता येतं, बेणं विकत घ्यावं लागत नाही.

चवळी, दशरथ घास यांसारख्या शेंगवर्गीय हिरव्या चाऱ्याचे 8 ते 10 किलो दिले तर साधारण एक किलो खुराक वाचतो. मात्र पेंड एकदम बंद करू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करा आणि दुधावर लक्ष ठेवा.

हे विसरू नका

- उपाशी जनावरासमोर ओला, कोवळा शेंगवर्गीय चारा टाकू नका. पोट फुगून जनावर दगावू शकतं. आधी पेंढा द्या, मग चवळी. पावसात किंवा दवात भिजलेला पाला सुकवूनच घाला. कुट्टी करून गवतात मिसळून दिलं तर उत्तम.
- डावी कूस फुगलेली दिसली, जनावर अस्वस्थ झालं, तर वाट बघू नका. 1962 या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच फोन करा.
- बांधावर सुबाभूळ असेल तर तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. तिच्यात मायमोसिन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं तर केस गळतात.
- ज्वारीचं कोवळं पीक, विशेषतः पाण्याचा ताण बसलेलं, विषारी असतं. फुलावर आल्याशिवाय देऊ नका.

आता गटाने काय करायचं?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने महिन्याभरात किती पोती पेंड आणली आणि किती लिटर दूध घातलं, एवढं लिहून आणा. त्या दोन आकड्यांवरून आपला धंदा कुठे गळतो ते दिसेल. मग जिच्याकडे विहीर किंवा बोअर आहे तिच्या एका गुंठ्यावर गटाचं बेणं लावा आणि कांड्या वाटून घ्या. जमीन नसलेल्या ताईंनी घरामागच्या बांधावर चार शेवरीची झाडं लावली तरी दोन करडांचा पाला सुटतो. लावणीच्या दिवशी पशुसखीला बोलवा.

आणखी एक गोष्ट. डोक्यावर गवताचा भारा घेऊन दोन-दोन मैल चालतं कोण? आपणच. घराजवळचा एक गुंठा पैसा वाचवतोच, पण मान आणि पाठही वाचवतो. बेणं मिळवून ठेवा, पहिल्या पावसाला कांड्या जमिनीत गेल्या पाहिजेत!