पहिला परका वाचक

भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. मागावरून उतरलेला ताका बाजारात जाण्याआधी कुणीतरी तो उजेडात पसरून पाहतो आणि तुटलेल्या धाग्यावर बोट ठेवतो. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इथल्या महाविद्यालयांतला प्राध्यापक शोधनिबंध लिहितो, तेव्हा त्यालाही असाच एक परका डोळा लागतो. संशोधनपत्रिकेत तो परीक्षकाचा असतो, आणि या पद्धतीला पिअर रिव्ह्यू म्हणतात.

समजा, मागांच्या खडखडाटाचा कामगारांच्या श्रवणशक्तीवर काय परिणाम होतो, यावर निबंध आला. आधी संपादक तो वाचतो. विषय पत्रिकेचा नसेल किंवा मजकूर उचललेला असेल, तर तो तिथूनच परत जातो. टिकला, तर त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवला जातो. अनेक पत्रिकांत लेखकाला परीक्षक माहीत नसतो आणि परीक्षकाला लेखक. परीक्षक विचारतो: कामगार कसे निवडले? मागापासून दूर काम करणाऱ्यांशी तुलना केली का? वयामुळे येणारा बहिरेपणा वेगळा काढला का? मग तो स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती किंवा नकार सुचवतो. अंतिम निर्णय मात्र संपादकाचा.

या कामाचे बहुधा पैसे मिळत नाहीत आणि नावही छापलं जात नाही. म्हणून सगळी भिस्त परीक्षकाच्या सचोटीवर. लेखक आपला विद्यार्थी, सहलेखक किंवा प्रतिस्पर्धी असेल, तर तसं सांगून बाजूला व्हावं. विषय आपला नसेल, तर निबंध लगेच परत करावा. महिनोन्‌महिने दाबून ठेवू नये. अप्रकाशित निबंधातली कल्पना वापरू नये, तो दुसऱ्याला दाखवू नये, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सार्वजनिक साधनांत टाकू नये. स्वतःच्या लेखांचे संदर्भ घालायला लावणं ही तर उघड खंडणी. ब्रिटनमध्ये १९९७ साली संपादकांनी स्थापन केलेल्या ‘कोप’ (कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स) या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही थोडक्यात हेच सांगतात.

आपल्याकडे परीक्षणाची ही शिस्त मोडली, ती निबंधांची मोजणी सुरू झाल्यावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून येणं सक्तीचं केलं. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाच्या बढतीत निबंधांना गुण दिले. पैसे घेऊन, न वाचताच छापणाऱ्या पत्रिकांना गिऱ्हाईक मिळालं.

त्याचा हिशेब पुण्यातून मांडला गेला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या पत्रिका तपासल्या. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या १००९ पत्रिकांपैकी ३४.५ टक्के पत्रिकांची पत्ता, संपादकांची नावं यांसारखी मूलभूत माहितीच चुकीची किंवा गायब होती, आणखी ५२.३ टक्के पत्रिकांत खोटे दावे किंवा संशयास्पद संपादक आढळले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. पुढे ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चाले. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केल्याचं जाहीर केलं. पत्रिका पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि प्राध्यापकांवर आली आहे.

यादी गेल्याची काहींना धास्ती वाटते. पण यादी पत्रिकेची असते, निबंधाची नव्हे. निबंध शेवटी कुणीतरी ओळीनं वाचावाच लागतो, आणि तसं वाचणं शिकावं लागतं. भिवंडीसारख्या गावातल्या महाविद्यालयांनी तरुण प्राध्यापकांना परीक्षण शिकवावं, त्यासाठी वेळ द्यावा, ते केल्याचा मान द्यावा. पत्रिका निवडताना दोन साधे प्रश्न विचारायला लावावेत: परीक्षकांनी नेमकं काय लिहून पाठवलं आणि त्यामुळे निबंधात काय बदललं? ज्या पत्रिकेकडे या प्रश्नांना उत्तर नाही, तिच्यात छापून आलेल्या निबंधावर बढती देऊ नये.